पेंग्विनच्या आधी म्युझियम बघा! भाऊ दाजी लाड आणि काळा घोडा, आईसोबत दोन दिवस

मुंबईतली दोन म्युझियम पंधरा दिवसांत पाहून आले. एक भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड आणि दुसरं काळ्या घोड्याचं छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय, ज्याला आमच्या घरात आजही प्रिन्स ऑफ वेल्स म्हणतात. सोबत माझी आई, वय बहात्तर, आणि बहिणीचा मुलगा, वय दहा. आई वरळी कोळीवाड्यातली, आजोबा तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके होते, ती स्वतः चाळीस वर्षं मासळी विकत होती. हे आधीच सांगतेय कारण पुढचा अर्धा रिव्ह्यू खरं तर तिचाच आहे.

पहिली गोष्ट, टॅक्सीवाल्याला नुसतं "म्युझियम" सांगू नका. आम्ही तेच केलं. मुंबईत म्युझियम म्हटलं की बसवाल्यांपासून सगळ्यांच्या डोक्यात काळा घोडाच येतो, आम्हाला जायचं होतं भायखळ्याला आणि टॅक्सीवाल्याने गाडी फोर्टच्या दिशेने सोडली, माझ्या लक्षात येईपर्यंत सीएसएमटी आलं होतं, परत फिरलो तर भाडं दुप्पट झालं आणि ते कमी करायला तो काही तयार झाला नाही. "राणीची बाग" सांगा, म्हणजे भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय, म्युझियम त्याच आवारात आहे, सरळ गेटवर सोडतात. त्यापेक्षा सोपं म्हणजे लोकलने भायखळा स्टेशन, पूर्वेला उतरून चालत दहा-बारा मिनिटं. स्टेशन जरा थांबून बघा. जुनं दगडी स्टेशन इतकं सुंदर दुरुस्त केलंय की त्याला २०२२ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षी त्याच पुरस्कारात काळ्या घोड्याच्या म्युझियमच्या इमारतीलाही सगळ्यात वरचा मान मिळालाय. म्हणजे या दोन दिवसांच्या सहलीची सुरुवातच बघण्यासारखी होते.

आणि हो, बुधवारी जाऊ नका. भाऊ दाजी लाड बुधवारी बंद असतं आणि राणीची बागही बुधवारी बंद, म्हणजे पोरं घेऊन गेलात तर दोन्हीकडून रिकाम्या हाताने परत.

शनिवारी सकाळी गेटवर जी रांग होती ती सगळी प्राण्यांसाठी, पेंग्विनसाठी. त्यात काही चूक नाही, आमच्या पोरालाही पेंग्विनच हवे होते. पण त्या रांगेतली शंभरातली नव्वद माणसं म्युझियमच्या दारावरून पुढे गेली आणि परत जाताना दमून, पोरं रडत असताना "राहू दे आता" म्हणत बाहेर पडली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. म्हणून माझं एकच म्हणणं आहे, पेंग्विनच्या आधी म्युझियम करा. सकाळी डोकं ताजं असतं, आत गारवा असतो, गर्दी नसते. तिकीट मल्टिप्लेक्सच्या पॉपकॉर्नपेक्षा स्वस्त आहे.

हे म्युझियम दुरुस्तीसाठी बराच काळ बंद होतं, म्हणून "ते अजून बंदच आहे ना" असं मला तिघा-चौघांनी विचारलं. नाही, उघडलंय. आत पाऊल टाकलं की पहिल्यांदा मान वर जाते. छताला सोनेरी नक्षी, हिरवट रंगाच्या भिंती, उंच लोखंडी खांब, पायाखाली विलायती टाइल्स. बाहेरून इमारत तशी शांत दिसते आणि आत आल्यावर एकदम एखाद्या राजवाड्याच्या दिवाणखान्यात उभं राहिल्यासारखं वाटतं. आईने चपला काढायच्या का असं विचारलं आणि तिथल्या गार्डने हसून "नको आजी, या तशाच" म्हटलं. स्टाफ मला खरंच छान वाटला, दोनदा न विचारता आईसाठी बसायची जागा दाखवली.

१८७२ मध्ये हे लोकांसाठी उघडलं, तेव्हा नाव होतं व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम. मुंबईतलं सगळ्यात जुनं. १९७५ मध्ये नाव बदलून भाऊ दाजींचं दिलं आणि ते अगदी योग्य झालं, कारण हे म्युझियम उभं राहावं म्हणून लोकांकडून पैसे जमवण्यात भाऊ दाजी आणि जगन्नाथ शंकरशेट पुढे होते. भाऊ दाजी मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे. ग्रँट मेडिकलच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर, कुष्ठरोगावर औषध शोधत होते, शिवाय जुने शिलालेख वाचत होते, मुंबईचे शेरीफही झाले. जेमतेम पन्नाशीच्या आसपासचं आयुष्य. एवढ्यात एवढं सगळं! आमच्या पोराच्या इतिहासाच्या पुस्तकात या माणसावर एक ओळ तरी असायला हवी असं मला फार वाटलं.

मधे एक काळ हे म्युझियम अगदी पडीक झालं होतं. मी लहानपणी शाळेच्या सहलीत गेले होते तेव्हाचं मला फक्त धूळ आणि अंधार आठवतो. २००३ मध्ये महापालिका, बजाज फाउंडेशन आणि जुना वारसा जपणारी इंटॅक ही संस्था असे तिघे एकत्र आले आणि पाच वर्षं काम चाललं, २००८ मध्ये नवं रूप उघडलं. ज्यांनी आधीचं पाहिलंय त्यांनाच या कामाची किंमत कळेल.

आता खरा माल. मातीची मॉडेल्स! काचेच्या कपाटांत वीतभर, हातभर उंचीची मातीची माणसं, त्या काळच्या मुंबईतल्या वेगवेगळ्या जातीजमातींची, धंद्यांची. पगड्यांचं तर वेगळंच प्रकरण आहे, प्रत्येक डोक्यावर वेगळी पगडी, वेगळी वळणं, वेगळे पीळ. भाचा म्हणाला, "मावशी, एवढ्या टोप्या कशाला?" आणि आईने त्याला सांगितलं की आधी माणसाच्या डोक्याकडे बघूनच कळायचं तो कुठला, काय करतो, त्याच्याशी व्यवहार कसा करायचा. मग म्हणाली, "बाजारात मी पण गिऱ्हाईक असंच ओळखायची, पिशवी बघून." पाट्यांवर बरंच काही लिहिलेलं होतं, पण हे वाक्य कुठल्या पाटीवर मिळणार?

मी तिथे एका मॉडेलजवळ बराच वेळ थांबले. त्या मातीच्या माणसाच्या हाताची बोटं बघा असं मी सगळ्यांना सांगेन. नखं केलीत. पायाची टाच जराशी वर उचललीय, कारण तो उकिडवा बसून काम करतोय आणि उकिडवं बसल्यावर टाच तशीच उचलली जाते. ज्या कारागिराने हे केलं त्याने हजार वेळा माणसांना असं बसलेलं पाहिलं असणार. चेहरा कोणीही करेल, टाच करायला नजर लागते.

मग मुंबईचा नकाशा. सात बेटं वेगळी दाखवलेली, मधे पाणी. आई काचेवर वाकली आणि पहिल्यांदा तिने शोधलं ते वरळी. सापडल्यावर काचेच्या बाहेरून बोट धरून म्हणाली, "हे आमचं. आणि इथे हे पाणी होतं, वरळीची खाडी." मी चाट पडले. पुस्तकात आपण हॉर्नबी वेलार्ड वाचतो, अठराव्या शतकात बांध घालून ती खाडी बंद केली, बांध सारखा कोसळायचा आणि मग पाण्यातून महालक्ष्मीची मूर्ती काढून देऊळ बांधल्यावर टिकला अशी आख्यायिका. आईने यातलं काही वाचलेलं नाही, पण तिच्या आजीकडून तिला हे सगळं माहीत होतं, देवी कोणाला स्वप्नात दिसली इथपर्यंत. भाच्याने आजीला विचारलं की मग आपण आत्ता राहतो ते समुद्र होतं का, तर आई म्हणाली बरंचसं. तो त्या नकाशासमोरून हलेना.

होड्यांची मॉडेल्स बघताना तर मी बाजूला झाले आणि आईनेच गाइडचं काम केलं. ही डोलकाठी, हे शीड, हे शीड ज्या आडव्या बांबूला बांधतात ते परबाण, हे सुकाणू, ही पुढची टोकदार नाळ, लाट कापते ती. आजूबाजूला कॉलेजची तीन मुलं होती, तीही ऐकायला लागली, त्यातल्या एकीने वहीत लिहून घेतलं. आई आधी लाजली, मग फॉर्मात आली. डोल जाळं कसं लावतात, त्याच्या शेपटाला खोला म्हणतात आणि बोंबील त्यातच कसे जमतात, भरतीच्या वेळी तोंड कुठल्या बाजूला असावं लागतं, सगळं सांगितलं. मला एवढंच वाटलं की अशा म्युझियममध्ये महिन्यातून एक दिवस खऱ्या तांडेलाला, खऱ्या कुंभाराला, खऱ्या पगडी बांधणाऱ्याला बोलावून कपाटाशेजारी खुर्ची द्यावी. ही माझी सूचना, कोणी वाचत असेल तर मनावर घ्या.

चिनीमातीच्या कपाटाकडे पण जा, जे. जे. कलाशाळेच्या कुंभारकामाच्या वर्गातली जुनी भांडी आहेत, अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतलेली नक्षी. निळा रंग असा की डोळे निवतात.

बदलत्या प्रदर्शनांबद्दल. या म्युझियमची एक गोष्ट मला फार आवडते, ते आजच्या चित्रकारांना बोलावतात आणि जुन्या संग्रहाशी बोलणारं काम करायला सांगतात. सुदर्शन शेट्टी, जितिश कल्लाट, अतुल डोडिया अशा मोठ्या लोकांनी इथे कामं मांडलीत. त्यामुळे दर वेळी गेलं की काहीतरी नवं असतं. मॉडर्न आर्ट आपल्याला कळत नाही म्हणून घाबरू नका, इथे ते एकटं नसतं, शेजारी दीडशे वर्षांपूर्वीची वस्तू असते आणि त्यामुळे बोट धरायला काहीतरी मिळतं. फक्त निघण्याआधी त्यांच्या वेबसाइटवर किंवा इन्स्टावर बघून घ्या सध्या काय चालू आहे, दोन प्रदर्शनांच्या मधे काही जागा मांडणीसाठी बंद असू शकते.

बाहेर पडल्यावर घाई करू नका, बागेत दगडी हत्ती आहे. हा तोच हत्ती ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा नाव दिलं. इंग्रजांनी १८६४ च्या सुमाराला तो विलायतेला न्यायचा प्रयत्न केला, उचलताना क्रेन मोडली, हत्ती पडून त्याचे तुकडे झाले, मग ते तुकडे इथे आणले आणि पुढे जोडून उभा केला. जवळून बघितलं की सांधे दिसतात. भाच्याने सांधे मोजायला सुरुवात केली. आई मात्र गप्प होती, मग म्हणाली, "लहानपणी बाबांबरोबर होडीने घारापुरीला जायचो तेव्हा मी विचारायची, हत्ती कुठाय? बाबा म्हणायचे, मुंबईला गेला." साठ वर्षांनी तिला तो भेटला, तेही घरापासून पाच-सहा किलोमीटरवर. मी फोटो काढला दोघांचा. तो आता आमच्या हॉलमध्ये लागणार आहे.

काळा घोडाही इथेच बागेत आहे, म्हणजे खरा, वर राजा बसलेला. १९६५ मध्ये तिकडून हलवला. आता काळ्या घोड्याच्या चौकात जो उभा आहे तो २०१७ चा, त्याच्यावर स्वार नाही. भाच्याला हे इतकं आवडलं की दुसरा दिवस ठरला तो त्यामुळेच, "आता दुसरा घोडा."

तर दुसरा दिवस. मेट्रो ३ पूर्ण सुरू झाल्यापासून इथे जाणं फार सोपं झालंय, हुतात्मा चौक स्टेशनला उतरायचं आणि चालत जायचं. आईचे गुडघे धरलेत, तरी आरामात आली. हे म्युझियम बुधवारीही उघडं असतं. पण इथे एक दिवस पुरणार नाही ही तयारी ठेवून जा, आम्ही चार तास होतो आणि अर्धंही झालं नाही.

इमारतीबद्दल थोडंसं, कारण बऱ्याच जणांना ती नुसती मागे ठेवून सेल्फी घ्यायला चांगली वाटते. १९०५ मध्ये पायाभरणी, १९१४ मध्ये बांधून तयार, मग पहिलं महायुद्ध लागलं आणि इथे लष्करी हॉस्पिटल झालं, लोकांना आत यायला मिळालं ते १९२२ च्या जानेवारीत. घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून, दगड कुर्ल्याचा काळा आणि मालाडचा पिवळा. आणि मधल्या हॉलमध्ये जी लाकडी कमानी आहेत ना, त्या नाशिकच्या एका वाड्यातून आणून बसवलेल्या आहेत. वर बघताना हे लक्षात ठेवा, इमारतीचा आर्किटेक्ट जॉर्ज विटेट, त्या साहेबाने आपला वाडाच आत ठेवलाय.

इथली सध्याची मोठी बातमी म्हणजे २०२५ च्या डिसेंबरमध्ये उघडलेलं नवं दालन, "नेटवर्क्स ऑफ द पास्ट". देशातल्या आणि बाहेरच्या पंधरा म्युझियममधल्या तीनशेच्या आसपास वस्तू एकत्र मांडल्यात, कल्पना अशी की सिंधू संस्कृती, मेसोपोटेमिया, इजिप्त, ग्रीस, रोम हे शाळेत आपण जे वेगवेगळे धडे म्हणून शिकतो ते तसे वेगळे नव्हतेच, एकमेकांशी माल, माणसं, कल्पना यांची देवघेव चालायची. २०२३-२४ मध्ये इथे जगभरातल्या प्राचीन शिल्पांचं जे प्रदर्शन झालं होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना याचा अंदाज येईल, पण हे नवीन दालन मला जास्त भावलं, कारण त्या वेळी मोठमोठ्या मूर्ती बघून छाती दडपायची आणि इथे लहान वस्तूंना जागा आहे.

लहान वस्तू म्हणजे किती लहान? सिंधू मुद्रा पाहिली नसेल प्रत्यक्ष तर सांगते, पुस्तकातल्या फोटोमुळे ती आपल्याला वहीएवढी वाटते. खरी मुद्रा काडेपेटीहून लहान! त्यात प्राण्याच्या मानेवरच्या घड्या कोरल्यात. भाचा काचेला नाक लावून "एवढीच?" म्हणाला आणि मग पाच मिनिटं तिथेच. कार्नेलियन दगडाचे लाल मणी आपल्याकडे गुजरातेत घडायचे आणि मेसोपोटेमियातल्या उर शहरातल्या थडग्यांत सापडलेत, तिथले लोक या बाजूच्या देशाला मेलुहा म्हणायचे. आईने हे ऐकलं आणि सरळ विचारलं, "गेले कसे? होडीनेच ना?" हो, होडीनेच. "मग होडीवाल्याचं नाव आहे का कुठे?" नाही. तिला ते बरोबर वाटलं नाही, आणि विचार केल्यावर मलाही वाटलं नाही.

सल्ला: या दालनात सरळ पहिल्या कपाटापासून सगळं वाचत जाऊ नका, थकाल. आधी एक चक्कर मारा, तीन-चार वस्तू आवडतील त्या पकडा आणि मग फक्त त्यांच्याशीच थांबा. मजकूर भरपूर आहे, कॉलेजच्या मुलांना सोनं आहे, पण दहा वर्षांच्या मुलाला आणि बहात्तरच्या आईला कोणीतरी गोष्ट करून सांगावी लागते. गाइडेड टूर कधी आहे ते काउंटरवर विचारा.

नव्या दालनासाठी जाल, पण शिल्पांच्या जुन्या दालनाला दांडी मारू नका हे कळकळीने सांगतेय. कर्नाटकातल्या ऐहोळेची छतावरची शिल्पं, सिंधमधल्या मीरपूरखासचे भाजलेल्या मातीचे बुद्ध, आणि घारापुरीची महिषासुरमर्दिनी. सहाव्या शतकातली, भंगलेली, आणि तरी त्या उरलेल्या शरीरात जो जोर आहे तो बघताना अंगावर काटा आला. आई तिच्यासमोर हात जोडून उभी राहिली. "ही पण घारापुरीची?" म्हणाली. हो, ही पण. हत्ती भायखळ्याला, देवी इथे. ती म्हणाली, "बेटावर मग राहिलं काय?" तिला म्हटलं, त्रिमूर्ती आहे ना, ती कोणाला हलवता येणार नाही. त्यावर ती बरीच समाधानी झाली.

वरच्या मजल्यावर टाटांनी दिलेला संग्रह, शस्त्रं, अकबराचं चिलखत, ते सगळं आम्ही भरभर केलं, पोराला चिलखत हवं होतं ते मिळालं. प्राणी-पक्ष्यांचा विभाग राहिलाच. मुलांसाठी वेगळं चिल्ड्रन्स म्युझियम आहे आवारात, तिथे तर बाहेरूनच नजर टाकली.

खाण्याचं मात्र बघून घ्या. फोर्टमध्ये एका हॉटेलात आम्ही पाऊण तास थांबलो आणि शेवटी चुकीची ऑर्डर आली, आईला मधुमेह आहे, वेळेवर खावं लागतं, फार त्रास झाला. ज्येष्ठ मंडळी असतील तर पिशवीत डबा, बिस्किटं, पाणी असू द्याच, आवारात बसून खाता येईल अशी जागा विचारून घ्या.

मार्कच द्यायचे तर भाऊ दाजी लाडला मी पाचपैकी पाच देईन, काळ्या घोड्याला साडेचार, आणि तो अर्धा फक्त बसायला बाकं अजून हवीत म्हणून. दोन्ही एकाच दिवशी करू नका.

आई परत आल्यावर कोळीवाड्यात मावशीला फोन करून हत्ती भेटल्याचं सांगत होती. मावशीलाही यायचंय. रविवारी चला म्हटलं तर म्हणाली रविवारी बाजार सोडता येत नाही, बुधवारी बंद, मग आता गुरुवार ठरलाय, भाच्याची शाळा असली तरी त्याने आधीच रडायला सुरुवात केलीय.